विंडोज नवं टाकलं आणि कीबोर्डचा दिवा गेला?

बेंगळुरूच्या एसपी रोडवरून एसएसडी बदलून आणलेला भाच्याचा आसुस लॅपटॉप परवा माझ्याकडे आला. विंडोज ११ नवं कोरं, पण कीबोर्डचा दिवा बंद आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय गायब.

हार्डवेअर ठणठणीत होतं. कंपनीचे खास ड्रायव्हर विंडोजसोबत येतीलच असं नाही.

आसुसच्या सपोर्ट साइटवर आपलं नेमकं मॉडेल शोधा (तळाशी छापलेलं असतं). आधी चिपसेट, मग ‘आसुस सिस्टिम कंट्रोल इंटरफेस’ ड्रायव्हर टाकून रीस्टार्ट करा. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘मायआसुस’ ॲप घ्या. कंट्रोल इंटरफेस ड्रायव्हर नसेल तर ॲपमध्ये बरेच पर्याय दिसतच नाहीत.

लेनोवोसाठी ‘व्हँटेज’ ॲप घ्या. फुकटच्या ‘ड्रायव्हर अपडेटर’च्या नादी अजिबात लागू नका.

अडलात तर मॉडेल नंबर कॉमेंटमध्ये टाका, बघू.