चारातलं एक इंजिन जातं तेव्हा

चार इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ताकद पाव हिश्श्यानं कमी होते, हे शाळकरी पोरही सांगेल. हिशेब बरोबर आहे, पण अपुरा. विमान हवेत नुसतं टिकून राहायलाच बरीचशी ताकद खर्च होते. वर चढायला वापरता येते ती फक्त उरलेली शिल्लक, आणि इंजिन गेलं की घाला पडतो तो या शिलकीवर. त्यात दुसऱ्या महायुद्धातलं जडशीळ बॉम्बर असेल, नुकतंच धावपट्टी सोडून शेदोनशे फुटांवर आलं असेल, तर वैमानिकाच्या हातात काही सेकंदच असतात.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ब्रॅडली विमानतळावरून 'नाइन-ओ-नाइन' नावाचं बी-१७ बॉम्बर उडालं. ऐतिहासिक विमानातून फेरी मारायला आलेले दहा प्रवासी आणि तीन कर्मचारी आत होते. उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजव्या टोकाच्या, म्हणजे चौथ्या इंजिनाची ताकद ढासळली. वैमानिकानं ते बंद केलं आणि परत उतरतो असं टॉवरला कळवलं. पंच्याहत्तर वर्षांच्या या माणसाच्या गाठीशी एकट्या बी-१७ वरचे सात हजारांहून जास्त तास होते. एवढा अनुभवी बी-१७ वैमानिक शोधून सापडला नसता.

धावपट्टी अजून लांब असताना त्यानं चाकं खाली सोडली. बी-१७ ची चाकं थोरली. ती वाऱ्यात लोंबू लागली की विमानाला ब्रेक लावल्यासारखंच होतं. वेग उतरत गेला, उंचीही गेली. धावपट्टी सुमारे हजार फुटांवर राहिली असताना विमान दिव्यांच्या खांबांवर आदळलं, मग भरकटत एका इमारतीत घुसलं आणि पेटलं. सात जण गेले. चौकशीत निघालं ते असं : तिसऱ्या इंजिनाचीही ताकद कमी झाली होती, दौऱ्यावर असताना देखभाल नीट झाली नव्हती आणि सरकारी देखरेखही ढिली होती. तरीही मुख्य कारण म्हणून बोट ठेवलं गेलं ते वेग आणि विमानाची स्थिती न सांभाळण्यावर. चाकं थोडी उशिरा सोडली असती तर विमान बहुधा त्या दिव्यांवरून पार होऊन धावपट्टीवर टेकलं असतं.

वेगाचा एवढा बाऊ कशासाठी? बैलजोडीतला एक बैल अडून बसला की गाडी त्याच्याच अंगाला वळते. विमानाचंही तसंच. उजवं इंजिन गेलं की डावी बाजू पुढे रेटते आणि नाक उजवीकडे फिरतं. ते सरळ ठेवायला वैमानिक डाव्या पायानं रडरचं पेडल दाबून धरतो. रडर म्हणजे शेपटीवरची उभी फळी, आणि तिच्यात जोर येतो तो तिच्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे. वेग एका मर्यादेखाली घसरला की पेडल शेवटपर्यंत दाबूनही नाक आवरत नाही. विमान फिरतं आणि एका कुशीवर कोसळतं. अशा वेळी चालू इंजिनाला जास्त थ्रॉटल दिला तर ओढ आणखी वाढते. चालू इंजिनाची ताकद कमी करणं हाच तेव्हा उपाय असतो, आणि जमीन जवळ आलेली असताना तो करायला मन धजत नाही.

मेलेलं इंजिन नुसतं गप्प बसत नाही, ते त्रासही देतं. त्याचा पंखा वाऱ्याच्या झोतानं गरगरत राहतो आणि विमानाला मागे खेचतो. त्यावर तोड म्हणजे 'फेदर' करणं : पाती वळवून त्यांची धार वाऱ्याच्या दिशेनं आणायची. बी-१७ मध्ये त्यासाठी दर इंजिनाला एक, अशी चार लाल बटणं असतात. बटण दाबलं की पंप तेलाच्या दाबानं पाती फिरवतो, पंखा मंदावतो आणि थांबतो. चारांतलं नेमकं कुठलं बटण? गोंधळात चांगलं चालणारं इंजिन बंद केल्याची उदाहरणं विमान इतिहासात आहेत. म्हणून जुने वैमानिक शिकवत : जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन गेलेलं. डावा पाय पेडलवर जोर लावतोय आणि उजवा सैल आहे, तर बिघाड उजवीकडे. त्यानंतरही त्या इंजिनाचा थ्रॉटल आधी हळूच मागे घेऊन बघायचं. काही फरक पडला नाही तरच बटण.

युद्धात एका इंजिनावर उडण्याला सगळ्यात वाईट ख्याती मिळवून दिली ती बी-२६ मरॉडर या दोन इंजिनांच्या विमानानं. वजनाच्या मानानं पंख आखूड, त्यामुळे उतरण्याचा वेग जबरदस्त. फ्लॉरिडातल्या टँपाजवळ शिकाऊ वैमानिक इतके पडले की 'टँपाच्या खाडीत रोज एक' अशी म्हणच पडली. टोकियोवरच्या हल्ल्यानं गाजलेले जिमी डूलिटल यांनी तेव्हा भाषण ठोकलं नाही. उड्डाण होताच त्यांनी एक इंजिन बंद केलं, बंद इंजिनाच्या बाजूलाच वळून फेरी मारली आणि विमान अलगद उतरवून दाखवलं. पुढे पंख सहा फुटांनी वाढवले, प्रशिक्षण सुधारलं आणि त्याच बदनाम विमानानं युरोपातल्या मोहिमांमध्ये नाव कमावलं.

उंची आणि वेग हाताशी असले की हीच विमानं थक्क करतात. २० डिसेंबर १९४३ रोजी ब्रेमेनवरच्या हल्ल्यात अमेरिकी वैमानिक चार्ली ब्राउन यांच्या बी-१७ चं दुसरं इंजिन बंद पडलं आणि चौथं बेभरवशाचं झालं. जर्मन वैमानिक फ्रान्झ श्टिगलर यांनी ते जर्जर विमान पाडायचं सोडून समुद्रापर्यंत सोबत केली, आणि उत्तर समुद्र ओलांडून ते इंग्लंडला पोचलं. ७ मे २०१५ ला ब्रिटिश हवाई दलाच्या जपून ठेवलेल्या लँकेस्टर बॉम्बरचं चौथं इंजिन हवेत पेटलं. वैमानिकांनी ते बंद करून विमान तीन इंजिनांवर कॉनिंग्सबीला सुखरूप उतरवलं. याउलट १९९६ मध्ये मँचेस्टरजवळच्या बार्टनला कसरती करणाऱ्या 'मॉस्किटो' या युद्धकालीन विमानाचं डावं इंजिन कमी वेगाच्या क्षणी ढेपाळलं. ताबा परत मिळवण्याइतकी उंचीच उरली नव्हती. वैमानिक आणि सोबतचा अभियंता, दोघेही गेले.

आपल्याकडेही अशी चार इंजिनांची विमानं होती. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला मोडतोड करून टाकलेली लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी जोडजाड करून उडती केली. ती भारतीय हवाई दलात १९६८ पर्यंत होती आणि पुण्याच्या लोहगाव तळावरूनही उडाली. त्यांतलंच एक पुढे अमेरिकेत पोचलं आणि 'नाइन-ओ-नाइन' चालवणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडेच वर्षानुवर्षं उडत राहिलं.

ही जुनी विमानं उडवणाऱ्या आजच्या वैमानिकांना एक दिलासा आहे. बॉम्ब नाहीत, दारूगोळा नाही, त्यामुळे विमान हलकं असतं. पण इंजिनं म्हातारी आहेत आणि नवी कुणी बनवत नाही. सरावही जपूनच करावा लागतो. इंजिन खरोखर बंद न करता पुरेशा उंचीवर त्याची ताकद इतकी उतरवतात की ते ना ओढतं ना अडवतं.

ब्रॅडलीच्या अपघातानंतर, मार्च २०२० मध्ये, अमेरिकी हवाई प्रशासनानं कॉलिंग्ज फाउंडेशनची पैसे घेऊन प्रवासी नेण्याची सवलत काढून घेतली. इतर संस्थांच्या फेऱ्या मात्र चालू राहिल्या. परदेशी गेल्यावर अशा विमानाचं तिकीट काढायचा मोह झालाच, तर वैमानिकाचे तास विचारू नका. एक इंजिन गेल्याचा सराव त्यानं शेवटचा कधी केला, ते विचारा.