आधी बाजार, मग बेत

महाराष्ट्रातून लियोंला येणारे पाहुणे मला हमखास विचारतात, "हे लोक घरी रोज एवढं सगळं करतात?" त्यांच्या डोळ्यांसमोर हॉटेलातली, सॉसची नक्षी काढलेली ताटली असते. नाही करत. कामाच्या दिवशी रात्री सूप, उकडलेली किंवा भट्टीत भाजलेली एखादी भाजी, पाव, चीज आणि शेवटी फळ. फोडणी नाही, वाटण नाही. मसाल्याचा डबाच नसेल तर भाजीला स्वतःची चव असावी लागते, आणि ती असते तिच्या हंगामात. त्यामुळे इथल्या स्वयंपाकाचं निम्मं कसब बाजारातच लागतं.

आमच्या क्रुआ-रूसच्या टेकडीवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. त्यात व्यापारी असतात, तसे स्वतः पिकवून विकणारे शेतकरीही. दोघांतला फरक ओळखायची माझी खूण सोपी आहे: जानेवारीत ज्याच्याकडे टोमॅटो, तो व्यापारी. फळं-भाज्या कुठून आल्या हे पाटीवर लिहिणं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे तो टोमॅटो स्पेनचा की मोरोक्कोचा हेही कळतं. शेतकऱ्याकडे त्या दिवसांत कोबी, गाजर, सलगम आणि लीक.

लीक ही कांद्याच्या कुळातली, मनगटाएवढी जाड पात. हिवाळ्यात तिच्याशिवाय इथलं पान हलत नाही. थरांमध्ये माती अडकलेली असते, म्हणून उभी चीर देऊन नळाखाली धुवायची. पांढरा भाग सुरी सहज जाईपर्यंत उकडायचा आणि कोमट असतानाच त्यावर व्हिनेग्रेट ओतायचं: एक भाग व्हिनेगर, तीन भाग तेल, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड. या पदार्थाला 'गरिबाचं अस्पॅरॅगस' म्हणतात. हिरवा भाग बटाट्याबरोबर शिजवून, घोटून सूप. उरलेल्या एखाद्या पानात थाईम आणि तमालपत्र गुंडाळून दोऱ्यानं बांधायचं, ती पुरचुंडी रविवारच्या पोतोफमध्ये जाते. पोतोफ म्हणजे बीफ आणि हिवाळी भाज्या मंद आचेवर तीन-चार तास ठेवून केलेला रस्सा. आधी नुसता रस्सा प्यायचा, मग मांस आणि भाज्या. उरलेल्या मांसावर दुसऱ्या दिवशी कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ते भट्टीत घालायचं, की झालं आशी पार्मांतिए. हे नाव 18व्या शतकातल्या एका औषधनिर्मात्याचं. आंत्वान पार्मांतिए यांनी बटाटा फ्रेंचांच्या गळी उतरवला.

एप्रिलमध्ये खरं अस्पॅरॅगस येतं आणि बाजाराचा चेहरामोहरा बदलतो. हे आपल्या शतावरीच्याच कुळातलं. मातीचा उंच वरंबा करून कोंबाला ऊन लागू दिलं नाही की ते पांढरं राहतं. त्याची साल काढावीच लागते, नाहीतर तोंडात दोरे येतात. परंपरेनं 24 जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, काढणी थांबते. पुढचे कोंब वाढू दिले तरच मुळांत पुढच्या वर्षाची ताकद साठते. त्यानंतर दुकानात अस्पॅरॅगस दिसलं तरी शेजारच्या आजी त्याकडे ढुंकून बघत नाहीत.

या आजी नव्वदीला टेकल्या आहेत, आणि त्यांच्या आठवणी किती लांब जातात हे मला भाजीच्या एका टोपलीमुळे कळलं. मी शेतकऱ्याच्या टोपलीची वर्गणीदार आहे. या पद्धतीचं नाव आमाप. 2001 मध्ये दक्षिणेत, ओबान्यला पहिला गट निघाला. त्यामागे शेतकरी दांपत्य होतं, दनीझ आणि दानिएल व्हुईयों. हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे, दर आठवड्याला शेतात जे निघेल ते न्यायचं. पीक बुडालं तर टोपलीही हलकी. हिवाळ्यात त्यात तोपिनांबूर नावाचा, आल्यासारखा वेडावाकडा कंद येतो. चवीला छान असतो. एकदा मी त्याचं सूप आजींना दिलं. त्यांनी वाटी परत सरकवली. जर्मन अंमलाच्या काळात, 1940 ते 1944, बटाटे जर्मनांनी ओढून नेले आणि त्यांच्या घरी रोज तोपिनांबूर आणि सलगमसारखा रुताबागा शिजले. आज महागड्या हॉटेलांत हेच कंद कौतुकानं वाढतात, हे त्यांना सांगायची सोय नाही.

ऋतूप्रमाणे खाण्याचं गुणगान करणारे मार्चबद्दल बोलत नाहीत. हिवाळी भाज्या संपत आलेल्या, वसंतातल्या अजून जमिनीत. पुन्हा कोबी. मग मीही मुकाट्यानं फ्रोझन मटार आणते. इथं फक्त फ्रोझन पदार्थ विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि ती रिकामी नसतात. सगळा फ्रान्स टोपली घेऊन बाजारात जातो हे चित्र खोटं आहे. पण जून लागला की माझा कोबीवरचा राग जातो. चेरीच्या बिया न काढताच पातळ पिठात भाजलेला क्लाफुती, ऑगस्टमध्ये टोमॅटोवर फक्त मीठ आणि तेल.

लियोंला आलात तर हॉटेलातलं एक जेवण रद्द करा. सकाळी पिशवी घेऊन क्रुआ-रूसच्या बाजारात जा, ज्या ठेल्यावर भाज्यांचे प्रकार सर्वांत कमी असतील तिथं रांग लावा आणि विकणाऱ्यालाच विचारा, हे कसं करायचं. तो सांगतो, मागची रांग थांबवून सांगतो. मात्र लवकर निघा, दुपारी दीडनंतर तिथं रिकाम्या खोक्यांशिवाय काही नसतं.