कळांच्या वेळी सोबत कुणाची?

डूला म्हणजे सुईण नव्हे. ती नाळ कापत नाही, औषध देत नाही. दिवस भरत आल्यापासून बाळंतपणानंतरचे काही आठवडे ती बाईच्या सोबतीला असते, कळांच्या वेळी कंबर चोळून देते, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगते. एवढ्याने काय फरक पडणार? २०१७ साली कॉक्रेन संस्थेने १७ देशांतल्या जवळपास सोळा हजार बायकांवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियनचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी निघालं. पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाही, हेही त्याच अहवालात नोंदलेलं आहे. मात्र सोबतीने अपाय झाल्याचं आढळलं नाही.

आता अमेरिका बघा. २०२१ साली तिथे एक लाख जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. बाळंतपणं जवळपास सगळी दवाखान्यातच होतात, त्यामुळे ‘डॉक्टर वाढवा, डूला कशाला’ हा आक्षेप अपुरा पडतो. डोकं भयंकर दुखतंय, असं बाळंतीण सांगते तेव्हा ते वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. ते कुणी मनावर घेतलंच नाही तर डॉक्टर असून काय उपयोग? ब्रुकलिनच्या ‘एन्शंट साँग’सारख्या संस्था कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या बायकांनाच डूलाचं काम शिकवतात, ते यासाठी. बाई कुणापुढे गप्प बसते आणि का, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. यातून जातवार सोबतीची चाल पडेल, अशी भीती काहींना वाटते. पण इथे सक्ती कुणावरच नाही. आजवर नसलेला एक पर्याय मिळतो, इतकंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: परंपरेबरोबर घातक रूढीही येतील. त्याचं उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेतच सापडतं. तिथल्या कृष्णवर्णीय सुईणींना, ‘ग्रॅनी मिडवाइफ’ना, सरकारने १९२० च्या दशकापासून वर्गात बसवलं. नर्सबाई त्यांची पिशवी उघडून तपासत: कात्री, नाळेचे बंद, पांढरा एप्रन, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. झाडपाल्याला त्या पिशवीत जागा नव्हती. १९५३ साली जॉर्जियाच्या आरोग्य खात्याने मेरी कोली या सुईणीवर ‘ऑल माय बेबीज’ हा प्रशिक्षणपट काढला. त्यात शास्त्र आणि मायेची भाषा एकाच बाईच्या हातात नांदताना दिसतात. म्हणजे शिकवणं अशक्य नव्हतंच. तरी १९७६ साली अलाबामाने कायदा करून या सुईणींची वाट बंद केली, आणि आज तीच सोबत नव्याने उभी करावी लागते आहे. ती फुकटात मागू नये, हे मात्र आता उमगलं आहे: कॅलिफोर्नियाची मेडी-कॅल ही सरकारी आरोग्य योजना जानेवारी २०२३ पासून डूलाचे पैसे भरते.

आपल्याकडे दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला तशी दाई मागे पडली. पण २०१६ साली केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एका स्त्री नातेवाइकाला सोबत राहायची मुभा दिली आहे. घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर प्रसूतिगृहात ती मुभा आधीच मागून ठेवा.