समुद्राचा सातबारा
मासेमारीचे हक्क व किनाऱ्याची राखण

शेतीच्या मासिकांत मासेमारीचा विषय कशास, असें आमचे कांहीं वाचक विचारतील. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, लेख शेवटपर्यंत वाचून मग निवाडा करावा. हक्क म्हणजे काय, हें जमीनधारकास जितकें नीट कळतें तितकें दुसऱ्या कोणास क्वचितच कळत असेल. खातेदाराचें नांव, चतुःसीमा, हिस्सा, बोजा, इतर हक्क, हें सर्व कागदावर असतें. म्हणून कोणीं बांध कोरला तर मोजणी आणतां येते. समुद्रावर पोट भरणाऱ्या आपल्या कोळी बांधवांस असा कागद नाहीं. तो असावा काय, असल्यास कोणत्या रीतीनें असावा, आणि ज्या देशांनीं तो प्रयोग केला त्यांस काय अनुभव आला, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आम्हीं पाहिलेलें एक प्रकरण

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनीची. त्यांतलीं कांहीं वर्षें किनाऱ्यावरील एका तालुक्याच्या कचेरींत गेलीं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ सालचा. त्याखालील दाव्यांचा निवाडा २०२१ ची दुरुस्ति होईपर्यंत तहसीलदारांकडे असे. त्यानंतर तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेला. त्यामुळें आमच्या वेळीं कोळ्यांचे कागद आमच्याच टेबलावरून जात.

एके दिवशीं शेजारच्या दोन गांवांचे दोन तांडेल एका अर्जाच्या निमित्तानें समोरासमोर उभे राहिले. एक डोळीवाला, दुसरा पापलेटाच्या वाहत्या जाळ्याचा. डोळ म्हणजे लांब पिशवीसारखें जाळें. समुद्राच्या तळांत खुंट रोवून त्यांस तें बांधतात; भरती-ओहोटीच्या ओढीनें त्याचें तोंड उघडें राहतें, आणि बोंबील, जवळा, कोळंबी त्यांत वाहत येतात. अशा रोवलेल्या ठिकाणास किनाऱ्यावर कव म्हणतात. दुसऱ्या प्रकारचें जाळें पाण्यांत पडद्यासारखें सोडावयाचें असतें. कवींची रांग उभी राहिली म्हणजे तें मोकळें वाहत नाहीं. अडकतें आणि फाटतें.

पहिला म्हणाला, “भाऊसाहेब, आज्यापासून आमची कव हितंच हाय.” दुसरा म्हणाला, “आज्याची कव जवळ होती. इंजिन आलं, आन् ही मंडळी आमच्या दारात आली.” दोघेही खरें बोलत असावेत, असें आम्हांस तेव्हांही वाटलें.

अर्जांत जागेचें वर्णन होतें: अमक्या डोंगराचें टोक तमक्या देवळाच्या कळसाशीं जुळतें तेथें. आम्हीं दप्तर काढलें. गांव नमुने भरतीच्या रेषेशीं संपतात. कोणती नौका, कोणतें जाळें, कोणता काळ, हें कायद्यानें ठरविलें होतें. पण ही कव कोणत्या गांवाची, हें कोठेंच लिहिलेलें नव्हतें. आम्हीं शेरा मारला: ‘सदर जागेची नोंद अभिलेखांत आढळत नाहीं, सबब अर्ज दप्तरीं दाखल.’ शेरा नियमास धरून होता. पंधरा दिवसांनीं जाळीं कापल्याची बातमी आली. ज्याचीं कापलीं त्यानें कर्ज काढून नवीं घेतलीं. पुन्हा तो कचेरीची पायरी चढला नाहीं. बांधाचा अर्ज असता तर आम्हीं असा शेरा मारून स्वस्थ बसलों नसतों, ही रुखरुख अद्याप आहे.

हें एकाच तालुक्याचें दुखणें नव्हे. पालघर जिल्ह्याच्या समुद्रांत कवींच्या हद्दीवरून गांवागांवांत चालत आलेला वाद कित्येक दशकांचा आहे.

बिनधनी माल

गायरानाची स्थिति आपण पाहतोंच. ज्यानें आपलें जनावर आज आवरलें त्याचें गवत उद्यां दुसऱ्याचें जनावर खातें. म्हणून कोणीच आवरीत नाहीं. समुद्रांत तर गवतही दिसत नाहीं. आज सोडलेलें लहान पापलेट उद्यां मोठें होऊन आपल्याच जाळ्यांत येईल, अशी हमी कोणास नाहीं. मग मोठें इंजिन, बारीक आंस, अधिक कर्ज, आणि कर्ज फेडण्यास अधिक मासे, असा फेरा सुरू होतो.

सरकारनें वरून आकडा ठरविला म्हणजे काम भागतें, असेंही नाहीं. कानडा देशाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड नांवाचा मासा सुमारें पांचशें वर्षें धरला जात होता. किती धरावा हें सरकारी अधिकारी ठरवीत. लहान होड्यांचे किनाऱ्यावरील मच्छीमार १९८० च्या दशकांतच सांगत होते कीं, मासा कमी आणि बारीक होत आहे. पण कागदावरील अंदाज मोठे होते आणि दूरच्या पाण्यांत मोठे ट्रॉलर चालू राहिले. अखेर जुलै १९९२ मध्यें मासेमारी बंद करावी लागली. सुमारें तीस हजार माणसांचें काम एकदम गेलें. ती बंदी उठण्यास २०२४ साल उजाडलें. जो पाण्यावर रोज जातो त्याचें म्हणणें आकड्यांत घेतलें नाहीं, म्हणजे काय होतें, त्याचा हा दाखला आहे.

आलान्याची चिठ्ठी

आतां दुसरा दाखला. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर आलान्या म्हणून गांव आहे. तेथें सुमारें शंभर मच्छीमार दोन-तीन माणसांच्या होड्यांतून मासे धरीत. १९७० च्या सुमारास तेथें चांगल्या जागा अडविण्यावरून हाणामाऱ्यांपर्यंत पाळी आली. तेव्हां तेथील सहकारी संस्थेच्या सभासदांनीं एक व्यवस्था बसविण्यास प्रारंभ केला. चुकत-सुधारत ती दहा वर्षांहून अधिक काळानें नीट बसली. फिक्रेत बर्केस या अभ्यासकांनीं तिचें वर्णन केलें, आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनीं १९९० च्या आपल्या ग्रंथांत तिला जगापुढें आणलें. समाईक मालमत्तेच्या व्यवस्थेवरील कार्याबद्दल त्यांस २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

ती व्यवस्था आमच्यासारख्या कारकुनास फार आवडण्याजोगी आहे. दर सप्टेंबरांत परवानाधारक मच्छीमारांची यादी करावयाची. सहकारी संस्थेचा सभासद असो वा नसो, नांव सर्वांचें. मासेमारीच्या प्रत्येक जागेस नांव देऊन त्यांचीही यादी करावयाची. एका जागेच्या जाळ्यानें शेजारच्या जागेचा मासा अडूं नये, इतकें अंतर दोहोंत ठेवावयाचें. मग चिठ्ठ्या टाकून ज्याची त्याची पहिली जागा ठरवावयाची. त्यानंतर जानेवारीपर्यंत रोज प्रत्येकानें एक जागा पूर्वेस सरकावयाचें, आणि पुढें मे महिन्यापर्यंत रोज एक जागा पश्चिमेस. कारण माशांची ये-जा त्या धोरणानें होत असते. चांगली जागा आज माझी, उद्यां तुमची. जागांची यादी सर्वांच्या सह्यांनिशीं नगराध्यक्षाकडे व पोलिसाकडे ठेवलेली असे.

राखणीस वेगळा शिपाई नव्हता. ज्या दिवशीं चांगली जागा वांट्यास येई त्या दिवशीं धनी पहांटेसच तेथें हजर! दुसऱ्यानें लबाडी केली तर ती तेव्हांच उघड होई. आणि शेजाऱ्याचा हक्क आज बुडाला तर उद्यां आपला बुडेल, म्हणून इतर होड्याही त्याच्या बाजूस उभ्या राहत. किरकोळ तंटे कॉफीच्या दुकानांत मिटत.

पांझरा व मोसम नद्यांवरील फड पद्धति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हें परकें वाटणार नाहीं. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें भागीदार मिळून ठरवीत, आणि पाणी पाटकऱ्याच्या हातून मिळे. नियम ज्यांनीं पाळावयाचा त्यांनींच तो केलेला. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

मात्र एक गोष्ट विसरतां नये. आलान्याच्या पाळीनें भांडणें मिटलीं, पण एकूण मासा किती धरावा हें त्या पाळीनें ठरत नव्हतें. पाळी हें अर्धें औषध आहे.

जपान, चिली आणि आइसलंड

जपानांत किनाऱ्यालगतच्या पाण्यावर गांवाचा हक्क असणें ही जुनी चाल. १९०१ च्या कायद्यानें ती नोंदली गेली, आणि १९४९ च्या कायद्यानें किनाऱ्याचा समाईक हक्क मच्छीमारांच्या सहकारी संस्थांस दहा दहा वर्षांच्या मुदतीनें मिळूं लागला. कोणीं, केव्हां, कोणत्या साधनानें धरावें याचे पोटनियम संस्था करते. २०१८ सालीं तो कायदा पुष्कळ बदलला, तरी हा समाईक हक्क संस्थांकडेच राहिला आहे.

चिली देशांत लोको नांवाचा शंखजीव खडकांवर मिळतो. परदेशीं मागणी वाढली, पाणबुडे चोहोंकडून उतरले, आणि १९८९ ते १९९२ पर्यंत तो धरण्यास बंदीच घालावी लागली. १९९१ च्या कायद्यानें नोंदलेल्या मच्छीमार संघटनांस समुद्रतळाचे ठराविक पट्टे राखण्यास देण्याची सोय झाली. आधीं शास्त्रज्ञांकडून मोजदाद, मग योजना, मग वर्षाचा आकडा, असा क्रम आहे. राखलेल्या पट्ट्यांत लोको बाहेरच्यापेक्षां दाट आणि मोठे आढळले. रात्रीची चोरी मात्र राहिलीच. राखणीचा खर्च कोणास चुकत नाहीं.

आइसलंडानें निराळा मार्ग घेतला. १९८४ पासून तेथें प्रत्येक नौकेस मागील तीन वर्षांच्या मासळीच्या मानानें वांटा मिळाला, आणि १९९० च्या कायद्यानें तो वांटा मोकळेपणें विकतां येऊं लागला. धंदा किफायतीचा झाला, हें खरें. पण वांटे पैसेवाल्या कंपन्यांकडे वाहत गेले, आणि कित्येक लहान गांवांच्या बंदरांत होड्या उरल्या तरी मासे धरण्याचा हक्क उरला नाहीं. मासे हे राष्ट्राची समाईक मालमत्ता होत, असें त्याच कायद्याच्या पहिल्या कलमांत लिहिलें आहे! या वांटणींत समानतेचा भंग झाला, असा अभिप्राय दोन मच्छीमारांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनें २००७ सालीं दिला. पुढें २००९ पासून लहान होड्यांसाठीं उन्हाळी मासेमारी कांहीं अंशीं मोकळी करावी लागली.

विकाऊ हक्क गरिबाच्या हातीं किती दिवस टिकतो, हें दख्खनच्या शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. १८७५ चे दंगे सावकाराच्या वह्यांवरूनच झाले होते.

आपल्याकडे काय करतां येईल?

आपल्या राज्याच्या हातीं बारा सागरी मैलांपर्यंतचें पाणी आहे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आहे; पर्ससीन जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें मर्यादा घातल्या आहेत; किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थाही आहेत. उणीव आहे ती नोंदीची. आमच्या अल्प बुद्धीस सुचतें तें असें:

१. प्रत्येक बंदराच्या कवींची व वहिवाटीच्या जाळ्यांच्या जागांची यादी संस्थांनीं स्वतः करावी. डोंगर-देवळाची जुनी खूण आणि यंत्रावरील अक्षांश-रेखांश, दोन्ही लिहावींत.

२. ही यादी शेजारच्या गांवांच्या तांडेलांस वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात आणि सर्वांच्या सह्यांनिशीं एक प्रत सरकारी दप्तरीं ठेवावी. फेरफाराची नोंद आपण अशीच मंजूर करतों.

३. जेथें दोन्ही पक्षांची वहिवाट खरी आहे तेथें जागा तोडून देऊं नये, पाळी बांधावी. महिन्यांतले उधाणाचे दिवस डोळीस सोयीचे, कारण पाण्यास ओढ असते. ओढ मंदावते त्या भांगाच्या दिवसांचा विचार दुसऱ्यासाठीं करतां येईल काय, हें त्या दोघांनींच बसून ठरवावें.

४. हक्क भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीसारखा असावा: कसणाऱ्यास कायम, परंतु गांवाबाहेर विकण्यास बंद.

५. पापलेट, बोंबील हे लोकोसारखे खडकास चिकटून राहणारे नव्हेत. एका गांवानें राखले तर दुसऱ्या गांवांत जातात. म्हणून आंसाचा आकार, लहान माशांस अभय आणि बंदीचा काळ हे नियम साऱ्या किनाऱ्यास एकच हवेत, आणि ते मोठ्या नौकांसही तितक्याच कडकपणें लागू व्हावेत. गांवचा हक्क व साऱ्यांचा नियम, दोन्ही बैल जोडीस असले तरच गाडा चालेल.

आतां आमच्या वाचकांकडे वळतों. आपल्या शेताखालचें पाणी हीही अशीच न दिसणारी, सरकणारी मालमत्ता आहे. एकानें दोनशें फूट बोअर मारलें, शेजाऱ्यानें चारशें मारलें, आणि दोघांच्या विहिरी आटल्या, हें गांवोगांव घडलें आहे. तेथेंही सातबाऱ्यावर जमीन आहे, पाण्याची वांटणी नाहीं. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें शेतीसाठीं बोअर न मारण्याचा नियम स्वतःवर घालून घेतला आणि उपलब्ध पाण्याचा हिशेब करून पिकें ठरविण्याची चाल पाडली. आलान्याच्या कोळ्यांनीं केलें तें याहून निराळें नव्हे.

ज्या बांधवांचीं शेतें किनाऱ्यालगत आहेत त्यांनीं एक काम अवश्य करावें. आपल्यांतील पुष्कळांस उतारे, चतुःसीमा व हरकतींचे कागद लिहिण्याची संवय असते. शेजारच्या कोळीवाड्यांत जाऊन यादी लिहिण्यास हात द्यावा. आम्ही निवृत्त झालों. पूर्वीं मारलेला शेरा आतां खोडतां येत नाहीं. परंतु तसाच अर्ज घेऊन दुसरा एखादा तांडेल कचेरींत जाईल, तेव्हां दप्तरांत पाहण्याजोगें कांहीं तरी असावें, एवढीच आमची इच्छा आहे.