जमिनीवरचे विमान : ओढताना आणि उभे करताना होणारे गैरसमज

विमानाची सुरक्षितता म्हटले की उड्डाण आणि अवतरण एवढ्याचाच विचार होतो, आणि चाके थांबली की धोका टळला असे सर्रास धरून चालले जाते. वस्तुतः विमान हवेत वावरण्यासाठी घडवलेले असल्यामुळे जमिनीवर ते अवजड, अर्धवट आंधळे आणि वाऱ्याच्या स्वाधीन असते. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या आणि प्रवासी व सामान चढवण्या-उतरवण्याच्या फरसबंद आवारात, जगभरात दर वर्षी सुमारे 27,000 लहानमोठे अपघात होतात आणि त्यांत सुमारे 2,43,000 माणसे जखमी होतात, असा अंदाज फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने मांडलेला आहे.

विमान ओढण्याच्या कामाला टोइंग आणि बे, म्हणजे विमान उभे करण्याची आखलेली जागा, सोडताना ते मागे ढकलण्याला पुशबॅक म्हणतात. हे काम म्हणजे केवळ दणकट ट्रॅक्टरच्या जोराचा प्रश्न आहे, हा पहिला गैरसमज. टग, म्हणजे हा ट्रॅक्टर, आणि विमानाचे पुढचे चाक यांना जोडणाऱ्या दांड्यात, टोबारमध्ये, काही पिना मुद्दाम कमजोर ठेवलेल्या असतात. ताण मर्यादेबाहेर गेला की त्या तुटाव्यात आणि चाकाचा खांब वाचावा, अशी ती योजना असते. पुढचे चाक किती वळवायचे याचीही मर्यादा ठरलेली असून तिच्या लाल खुणा बऱ्याच विमानांवर चाकाच्या झडपेवर रंगवलेल्या असतात. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वैमानिकाच्या हातातील चाक वळवण्याची हायड्रॉलिक यंत्रणा या वेळी निष्क्रिय करावी लागते, अन्यथा चाकाने अचानक झटका दिला तर टोबार फिरून शेजारच्या माणसाचे पाय मोडू शकतो. त्यासाठी पुढच्या खांबाजवळ लाल फीत लावलेली एक पिन खोचली जाते. टोबार सुटल्यावर तंत्रज्ञ ती काढतो, बाजूला उभा राहून पिन व फीत उंच धरून वैमानिकाला दाखवतो आणि मगच मोकळीक देतो. पिन आत राहिली तर वैमानिकाला पुढचे चाक वळवता येत नाही.

वैमानिक कॉकपिटमध्ये बसलेला आहे म्हणजे त्याला सगळे दिसते, हा समज सर्वांत घातक आहे. बहुतेक मोठ्या प्रवासी विमानांत वैमानिकाला बसल्या जागेवरून स्वतःच्या पंखांची टोके दिसतच नाहीत. 11 एप्रिल 2011 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर स्वतःच्या इंजिनांवर चाललेल्या एअरबस ए-380 च्या पंखाचे टोक थांबलेल्या छोट्या विमानाच्या शेपटीला लागले आणि ते विमान प्रवाशांसह जागच्या जागी गर्रकन फिरले; अशा धडकांनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये मोठ्या विमानांवर पंखांची टोके दाखवणारे कॅमेरे वगैरे साधने बसवण्याची शिफारस केली. टगचालकाची स्थिती तर याहून बिकट असते, कारण पुशबॅकच्या वेळी तो नाकाशी बसलेला असतो आणि जे आदळायचे ते त्याच्यापासून कित्येक मीटर मागे असते. त्यात आणखी एक गुंतागुंत अशी की, मागे कललेल्या पंखाचे टोक मुख्य चाकांच्या बरेच मागे असल्यामुळे, विमान वळताना ते सरळ उभे असतानाच्या रुंदीबाहेर झेपावते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार 737 किंवा ए-320 सारख्या विमानांसाठी बेमध्ये शेजारच्या वस्तूपासून किमान 4.5 मीटर आणि त्याहून मोठ्या विमानांसाठी 7.5 मीटर अंतर ठेवले जाते. पण एखादी सामानाची गाडी रेषेच्या आत उभी राहिली की हे अंतर कागदावरच उरते. म्हणूनच टोकाबरोबर चालत नजर ठेवणारा माणूस, ज्याला विंग वॉकर म्हणतात, ही चैन नसून गरज आहे.

पार्किंग ब्रेक लावला की विमान पक्के उभे राहिले, असेही मानले जाते. इंजिने बंद असताना हा ब्रेक एका साठवणपात्रातील, ॲक्युम्युलेटरमधील, हायड्रॉलिक दाबावर टिकतो, आणि तो दाब काही तासांत हळूहळू उतरतो. याच कारणामुळे चाकांच्या पुढे-मागे चॉक, म्हणजे पाचरीसारखे ठोकळे, लावावे लागतात. आणि विमान ओढण्यापूर्वी कॉकपिटमध्ये ब्रेकवर बसणाऱ्या माणसाने दाब पुरेसा आहे ना, हे आधी पाहायचे असते. 15 नोव्हेंबर 2007 रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे एका नव्या ए-340-600 ची चारही इंजिने चॉक न लावता जोरात चालवून चाचणी घेतली जात होती. पार्किंग ब्रेक असूनही विमान सरकले आणि काही सेकंदांत समोरच्या भिंतीवर चढले. आत नऊ जण होते, त्यांतील काही गंभीर जखमी झाले आणि विमान कायमचे निकामी झाले.

वाऱ्याबाबतही असाच भ्रम आहे. सेसना-172 सारख्या चार आसनी विमानाला हवेत तोलून धरायला ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाची हवा पुरते आणि तेवढा वारा वादळात उभ्या विमानावरही येऊ शकतो. त्यामुळे ते दोन्ही पंख व शेपूट अशा तीन ठिकाणी दोरांनी बांधावे लागते. मोठे विमान मात्र वजनाने तरेल, हेही खरे नाही. 28 मे 2024 रोजी अमेरिकेतील डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उभे असलेले बोइंग 737-800 वादळाने गेटपासून दूर ढकलले.

उभ्या विमानाकडे काही पाहावे लागत नाही, हा समज लहानसा वाटतो, परंतु वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत गांधीलमाश्या घरटी करतात म्हणून त्यांवर आवरणे घालतात, आणि 18 जुलै 2018 रोजी ब्रिस्बेनहून एक ए-330 ती आवरणे न काढताच उडाले. वेग कळेना, तरीही वैमानिकांनी विमान सुखरूप उतरवले.

इंजिनाचा धोका केवळ मागच्या झोतात असतो, असे समजणाऱ्यांनी 16 डिसेंबर 2015 चा मुंबई विमानतळावरील प्रसंग लक्षात ठेवावा. हैदराबादला निघालेल्या ए-319 च्या पुशबॅकदरम्यान जमिनीवरील एक तंत्रज्ञ चालू इंजिनात पुढून ओढला गेला आणि मरण पावला. विमानाच्या पाठी-पोटावरील लाल लुकलुकता दिवा चालू असेपर्यंत इंजिनाजवळ जायचे नाही हा नियम आहे, कारण बंद केलेले इंजिनही काही वेळ फिरत राहते.

विंग वॉकर नजरेआड झाला की टग तिथेच थांबवायचा, आणि थांबण्याची खूण एप्रनवरील कोणीही, अगदी कनिष्ठ मदतनीसानेही, करावी, अशी चांगल्या विमानतळांची शिस्त आहे. वेळापत्रकातील चार मिनिटे वाचवण्यासाठी विंग वॉकरशिवाय विमान हलवू देणाऱ्या व्यवस्थापनाला अपघातानंतर टगचालकाकडे बोट दाखवण्याचा अधिकार उरत नाही.