मरहूमचे दुकान आणि वारसांचा हिशोब

तेल्हाऱ्याच्या बाजारात बापाच्या मागे फुटलेली दुकाने आम्ही बरीच पाहिली. हिश्श्यावरून भांडण झाले, असे लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. हिस्से सूरह निसाच्या ११ व्या व १२ व्या आयतीत ठरलेलेच आहेत. भांडण होते ते वाटायचे किती यावरून, कारण इंतकालाच्या दिवशी दुकानात काय होते हे कोणी लिहून ठेवलेले नसते.

समजा, मरहूमच्या मागे बेवा, दोन मुले व तीन मुली आहेत. आईवडील हयात नाहीत. माल, रोकड व उधारी मिळून २० लाख होतात. त्यातून आधी कफन-दफन ३० हजार, सुरत-भिवंडीच्या व्यापाऱ्यांचे देणे ३ लाख २० हजार आणि बेवेचे राहिलेले मेहर ५० हजार. मेहर हे कर्ज आहे, ते तिच्या हिश्श्यात धरू नये. वसीयत असल्यास उरलेल्याच्या एकतृतीयांशापर्यंतच चालते. नसेल तर १६ लाख उरले. बेवेचा आठवा हिस्सा २ लाख. बाकी १४ लाखांचे सात भाग करून मुलांना चार-चार लाख, मुलींना दोन-दोन लाख.

हा हिशोब शाळकरी पोरही करील. अडचण त्या २० लाखांतच आहे. तीन वर्षे पडून असलेले थान खरेदीच्या भावाने धरायचे की आज गिऱ्हाईक देईल त्या भावाने? कपाशी विकली की देतो म्हणणाऱ्या शेतकऱ्याची उधारी किती धरायची? आमच्या मते पडीक मालाची किंमत बाहेरच्या दोन व्यापाऱ्यांकडून करून घ्यावी, आणि उधारी वसूल होईल तसतशी वाटावी. वसुलीसाठी कोर्टात जायचे तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे प्रमाणपत्र लागते.

बँकेत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून आहे तो स्वतःला मालक समजतो. हीही चूक. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २०१३ साली वारले. त्यांच्या गुंतवणुकीवरून घरातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉमिनी असल्याने वारसांचा हक्क बुडत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. एवढ्या नावाजलेल्या घरात दहा वर्षे गेली, मग आपली काय कथा!

दुकानावर बसणारा भाऊ वाटणी होईपर्यंत अमानतदार असतो. मुसलमानांत हिंदू एकत्र कुटुंबाचा कायदा नाही, म्हणून धंदा पुढे एकत्र चालवायचा तर तसा करार लिहावा. त्याची मेहनतही फुकट धरू नये, पगार ठरवावा. आम्ही वालिदांच्या मागे हे लिहिले नाही. मोठे भाऊ म्हणत, दुकान मी वाढवले; आम्ही म्हणत होतो, भांडवल सगळ्यांचे. दोघेही खरेच बोलत होतो, आणि दोन ईदी एकमेकांच्या घरी न जाता गेल्या.

बहिणींना लग्नात दिले, हे उत्तर तर कुठेच टिकत नाही. लग्नात दिले ते बापाने हयातीत दिले. हा तर्का आहे.

जियारतीला बहिणी आणि जावई घरीच असतात. त्याच दिवशी सगळ्यांसमोर दुकान उघडून थान मोजावेत, उधारीच्या वहीत शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढून तारीख घालावी. बेवा इद्दतीत असते, तेव्हा यादी घरी नेऊन तिची सही घ्यावी आणि प्रत्येक वारसाला एक प्रत द्यावी.