उडतंय तोवर गिऱ्हाईक!

दिवाळीतल्या गोव्याचं तिकीट जुलैमधेच काढून ठेवणारे तुम्ही-आम्ही स्वतःला भलतेच स्मार्ट समजतो. अर्ध्या किमतीत तिकीट! लगेच ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट! पण या व्यवहाराला साध्या मराठीत दुसरं नाव आहे. बिनव्याजी, विनातारण कर्ज. प्रवास चार महिन्यांनी, पैसे मात्र आजच कंपनीच्या खिशात. आणि स्वस्तातली विमान कंपनी बऱ्याच अंशी या आगाऊ रोकड्यावरच तगून असते. तो आटला की काय होतं, याचं ताजं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे : गो फर्स्ट.

वाडिया ग्रुपची ही कंपनी २००५ मधे 'गोएअर' नावाने उडायला लागली. २०२१ मधे नाव बदललं. आणि २ मे २०२३ रोजी कंपनीने स्वतःहूनच दिवाळखोरीचा अर्ज केला. दुसऱ्या दिवसापासून फ्लाइट्स रद्द. आधी तीन दिवस, मग आणखी काही दिवस, मग आणखी... तारीख पे तारीख! विमानं पुन्हा उडालीच नाहीत.

गाडं अडलं कुठे?

कंपनीने बोट दाखवलं ते इंजिनांकडे. तिची बहुतेक विमानं एअरबस ए३२० निओ, त्यांना प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं. ती वेळेआधीच बिघडत गेली, बदली इंजिनं मिळेनात आणि निम्मा ताफा जमिनीवर बसला, असं कंपनीचं म्हणणं. गो फर्स्टने आमचे पैसे वारंवार थकवले, असं इंजिनवाल्यांचं म्हणणं. दोष कुणाचाही असो, गणित सोपं आहे. उभं राहिलेलं विमान कमावत काहीच नाही, भाडं मात्र चालूच. तेही डॉलरमधे. अर्ज केला तेव्हा डोक्यावर एकूण देणी होती सुमारे ११,४६३ कोटी रुपयांची.

विकायला आहे काय?

माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते ती इथे. एखादी गिरणी बंद पडली तर जमीन उरते, यंत्रं उरतात. स्वस्तातल्या विमान कंपनीकडे काय उरतं? विमानं बहुतेक भाड्याची. मग एअरपोर्टवरच्या उड्डाणाच्या वेळा, म्हणजे स्लॉट. ते वापरले नाहीत तर दुसऱ्यांना दिले जातात. पायलट? ते घरी बसून किती महिने थांबणार? अनेकांनी इंडिगो, एअर इंडिया, अकासाची वाट धरली. उरतं ते नाव, लायसन्स आणि कोर्टकचेऱ्या!

१० मे २०२३ ला कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला आणि वसुलीला स्थगिती मिळाली. त्यामुळे विमानांच्या मालकांना स्वतःचीच विमानं नेता येईनात. जुलैमधे डीजीसीएने १५ विमानांनिशी पुन्हा सुरुवात करायला सशर्त परवानगीही दिली. पण पैसाच उभा राहिला नाही.

२०२४ च्या सुरुवातीला गिऱ्हाईकं आली. एका बाजूला स्पाइसजेटचे अजय सिंग आणि ईझमायट्रिपच्या निशांत पिट्टींची बिझी बी एअरवेज यांची जोडी, दुसरीकडे शारजाची स्काय वन. पण २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली हायकोर्टाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करायचा आदेश दिला. विमानंच गेल्यावर विकत घ्यायचं काय? मे महिन्यात पिट्टींनी अंग काढून घेतलं. २० जानेवारी २०२५ ला कंपनी मोडीत काढायचा हुकूम निघाला.

वेळेत सौदा झाला तर?

स्पाइसजेट आठवा. डिसेंबर २०१४ मधे तेल कंपन्यांनी उधारी बंद केली आणि विमानं काही तास उभी राहिली. पण महिन्याभरात मालकी बदलली, कारण कंपनी अजून उडत होती. उलट जेट एअरवेज एप्रिल २०१९ मधे थांबली, २०२१ मधे तिला नवे मालक मंजूरही झाले. तरी ती उडाली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मधे सुप्रीम कोर्टाने ती मोडीत काढायला सांगितली.

अर्थात, घेणाराही धडधाकट हवा. कॅप्टन गोपीनाथांची एअर डेक्कन २००३ पासून सामान्य माणसाला स्वस्तात विमानात बसवत होती. तोटा वाढल्यावर २००७ मधे विजय मल्ल्यांच्या यूबी ग्रुपने २६ टक्के वाटा ५५० कोटींना घेतला. पुढे ती किंगफिशरमधे विरघळली आणि २०१२ मधे किंगफिशरच जमिनीवर आली.

रांगेत आपण कुठे?

पार मागे, राव! कंपनी मोडीत निघाली की आधी त्या प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी आणि तारण ठेवून कर्ज दिलेल्या बँका. मग बाकीच्या स्टाफचा १२ महिन्यांपर्यंतचा पगार. त्यानंतर विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी. या सगळ्यांतून काही उरलंच, तर तिकीटवाले तुम्ही-आम्ही. शिल्लक काय असणार, ते सांगायला नकोच.

म्हणून स्वस्त तिकीट काढूच नका, असं मी म्हणत नाही. मीसुद्धा काढतेच! फक्त विमान भाड्याने देणाऱ्यांनी विमानं परत मागितल्याची, पगार किंवा पीएफ थकल्याची बातमी आली, तर त्या कंपनीचं चार महिन्यांनंतरचं तिकीट काढू नका. पैसे क्रेडिट कार्डाने भरा. फ्लाइट रद्द होऊन रिफंड अडकलाच तर बँकेकडे चार्जबॅक मागता येतो. त्याला मुदत असते, तेव्हा लगेच मागा. आणि 'नवा मालक येतोय' ही बातमी वाचली की आधी एकच प्रश्न विचारा : विमानं आज उडतायत का?